डोहाळजेवण झाल्यावर घ्या की

मंगळवार पेठेत बनाबाईचं बांगड्यांचं दुकान विचारलं तर कुणी पत्ता सांगत नाही. "आवाज येतोय न्हवं, तिकडंच जावा," म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीला शटर लावलं, भिंतीला फळ्या ठोकल्या, की झालं दुकान. त्यात बसून ही बाई सकाळपासून गिऱ्हाइकांचा उद्धार करत असते. "हात हाय का खोरं? जरा ढिला सोड की!" "दोन-चारचं माप व्हय तुझं? लग्नात आसंल. आता दोन-आठ घे आणि गप बस." दुसरं कुणी असं बोललं असतं तर बायकांनी पुन्हा त्या दारात पाय ठेवला नसता. पण बनाबाईची बोलणी खायला कागलहून बायका येतात आणि एखादीला कमी पडली तर ती रुसून जाते.

नवरा गणपतराव माल आणतो, फळ्या पुसतो आणि गप्प बसतो. दोघांच्या वाटणीचं ती एकटीच बोलते. मुलगा आदर्श मार्केट यार्डात कामाला आहे. त्याला कासारकी कधी जमली नाही, कारण त्याच्या हातून बांगडी वाढते. फुटते म्हणायचं नसतं, वाढते म्हणायचं. कासाराच्या घरात तर एवढ्याशा पोरालाही हे ठाऊक असतं. बनाबाईच्या हातून मात्र सहसा वाढत नाही. म्हणून सातव्या महिन्यातल्या बाईच्या डोहाळजेवणाला हिरवा चुडा बनाबाईनंच भरायचा, असं कितीतरी घरांत ठरूनच गेलंय. त्या दिवशी ती इरकल नेसून, पेटी काखेत मारून निघते, आणि तिचा रुबाब असा असतो की उत्सवमूर्ती कोण हा प्रश्न पडावा.

एक गोष्ट मात्र नव्या माणसाला चमत्कारिक वाटते. इतकी बडबडी बाई, पण गरोदर बाईचा हात हातात घेतला की एकदम गप्प होते. मनगट धरून बसते. बायका थट्टा करतात, "मावशी, नाडी बघायला कवापास्नं लागलासा? डाक्टर झालासा काय?" बनाबाई हसते, पण जरा उशिरा हसते. मग पहिली बांगडी चढवते.

त्या वेळी ती नाडी बघत नसते. हा हात जिवंत आहे ना, एवढंच ती बघत असते.

याला कारण झाली गडमुडशिंगीची संयोगिता. आठ-नऊ वर्षं झाली त्या गोष्टीला.

संयोगिताची सासू हौसाक्का म्हणजे बनाबाईची जुनी गिऱ्हाईक. ऊस, म्हशी, माणसांनी भरलेलं घर. थोरल्या सुनेचं पहिलंच डोहाळजेवण, तेव्हा हौसाक्का स्वतः आमंत्रण घेऊन दुकानात आली. चहा झाला, चुड्याचं माप झालं आणि उठता उठता ती सहज म्हणाली, "आगं बना, दवाखान्यातली डाक्टरीण म्हणतीया, स्वाईन फ्लूची साथ हाय, सुनंला सुई घ्या. पोटुशी बाईला लई जपाय लागतंय म्हणं. पर दंड सुजतोय, एकांदा दिस ताप बी येतोय म्हणत्यात. आदी घ्यावी का नंतर?"

बनाबाई तेव्हा खोक्यातून हिरव्या बांगड्या निवडत होती. तिनं मान वर न करता सांगून टाकलं, "आदी नगं गं. दंड दुखायला लागला की चुडा भरताना पोरगी कळवळणार. फोटूत तोंड वाकडं यायचं. डोहाळजेवण झाल्यावर घ्या की. सुई काय पळून चाललीया व्हय?"

दोघी हसल्या. यात बनाबाईचं वाईट काही नव्हतं. हात ओढावा लागतो, दाबावा लागतो, दुखरा हात कासाराला नको असतो. ती आपली बांगड्यांपुरतं बोलली. हौसाक्काला तेवढंच हवं होतं. घरात कार्य असताना सून मलूल दिसली तर पै-पाहुणे काय म्हणतील, हा घोर तिला होताच. सुई मागं पडली.

डोहाळजेवण थाटात झालं. फुलांची वाडी घालून संयोगिता पाटावर बसली होती. मनगटाच्या आतल्या बाजूला तिनं जोतिबाच्या यात्रेत बारीक चांदणी गोंदवून घेतली होती. बनाबाईनं हात धरला तर हात चांगलाच गरम. आता कासाराचं गणित असं की गार हात आखडतो आणि गरम हात मऊ असतो. बांगड्या सरसर चढल्या. बनाबाई खूश. सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "काय हात हाय गं पोरीचा! लोण्यागत!" संयोगिता हसली, आणि वाकून बारीक आवाजात म्हणाली, "मावशी, जरा कसकस वाटाय लागलंय."

"एवढ्या बायका टकामका बघत बसल्यात, नजर लागली आसंल," बनाबाई म्हणाली. "हौसाक्का, मीठ-मोहऱ्या ओवाळ गं हिच्यावरनं."

मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. पुढच्या आठवड्यात मोटारसायकलवरून एक माणूस दुकानाच्या दारात आला. तोंडाला रुमाल बांधलेला. म्हणाला, "गडमुडशिंगीला बोलावलंय. चुडा भरायचाय."

"आता कुणाला?" बनाबाईनं विचारलं.

सवाष्ण गेली की तिला हिरवा चुडा भरून, ओटी भरून पाठवायची. चुडा भरायला कासार लागतो. बनाबाई गेली. न जाऊन करते काय? दवाखान्याची गाडी दारात उभी होती, चटाचट उरका म्हणून माणसं घाई करत होती. त्या लोण्यागत हाताची बोटं आता मिटून घट्ट झाली होती. दवाखान्यात सुया लावायला आधीचा चुडा उतरवला होता, तो नव्यानं भरायचा. एकेक सांधा चोळत, एकेक बोट सोडवत बनाबाईनं बांगड्या चढवल्या. एक वाढली. तिची काच बनाबाईच्या अंगठ्यात गेली, तरी तिला कळलं नाही. पोटावर शालू पसरला होता. शालूखाली दुसरा जीव होता. तोही गेला होता.

संयोगिताचा नवरा राजवर्धन सोप्यावरच्या खांबाला टेकून बसला होता. कुणाकडं न बघता तो एकच वाक्य म्हणत होता, "सुई घ्यायची राह्यली. सुई घ्यायची राह्यली."

तेव्हा हौसाक्कानं मान वळवली आणि बनाबाईकडं बघितलं. नुसतं बघितलं. बोलली काहीच नाही.

पुढंही कधी बोलली नाही. हौसाक्का आजही दिवाळीच्या तोंडावर दुकानात येते, हात पुढं करते, म्हशीचं, दुधाचं, गुडघ्याचं सांगते आणि जाते. ती विसरली, की तिला सगळं आठवतंय, हे बनाबाईला आजवर कळलेलं नाही. हौसाक्का येऊन गेली की त्या दिवशी बनाबाई दुपारीच शटर ओढून घेते. हौसाक्कानं तोंड उघडून शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बनाबाईला कितीदा वाटतं.

आणि संयोगिता? ती काही झाडावर बसलेली नाही की स्वप्नात येऊन छातीवर बसत नाही. सणासुदीला दुकानात बायकांची झुंबड उडते, एकीच्या खांद्यावरून दुसरी हात पुढं करते, चेहरे दिसत नाहीत, नुसते हात दिसतात. त्या हातांत मधूनच एका मनगटावर बारीक चांदणी दिसते. बनाबाई तो हात धरायला जाते. हातात येतो तो भलत्याच बाईचा, आणि ती म्हणते, "मावशी, माझा लंबर न्हाय आजून." गणपतरावाला हे माहीत नव्हतं. आदर्शला माहीत नव्हतं. एवढं बोलणारी बाई हे एक कुणाजवळ बोलली नव्हती.

तर आता आदर्शची बायको अनुजा सातव्या महिन्यात होती. माहेर कोडोली, पतसंस्थेत नोकरी. शांत, नीटनेटकी मुलगी. तिचं एक पोर मागं चौथ्या महिन्यात पोटातच गेलं होतं, म्हणून घरानं या वेळी जास्तच जपलं. सासूचं आणि तिचं बरं चालायचं. एक बोलायला आणि एक ऐकायला, असं घर सुखानं चालतं.

गल्लीत त्या दिवसांत घरोघर खोकला होता. शेजारच्या घरातलं म्हातारं माणूस तापानं दवाखान्यात पडलं होतं. तपासणीहून आल्यावर आदर्श चहा पिता पिता म्हणाला, "डॉक्टर फ्लूची लस घ्या म्हणालेत हिला. आजच देत होते, पर ही नगं म्हणाली."

"का गं?" बनाबाईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

अनुजा पदराशी चाळा करत म्हणाली, "रविवारी कार्यक्रम आहे ना, आई. दंड दुखतो, ताप येतो म्हणतात. डोहाळजेवण झाल्यावर घेईन की."

बनाबाईच्या हातातलं उलथनं खाली पडलं. तेच शब्द. तीच 'की'. सुनेच्या तोंडून तिला आपलाच आवाज ऐकू आला. आणि मग तिनं जे केलं ते तिच्या स्वभावाला धरूनच केलं, म्हणजे ओरडली.

"आदी सुई! सुई घेतल्याबिगर डोहाळजेवण न्हाय, चुडा न्हाय, काय न्हाय! फुलंवाल्याला सांग, येऊ नगंस म्हणावं!"

घर हबकलं. कासाराच्या घरात सुनेला चुडा नाही? आदर्श म्हणाला, "आई, आगं आमंत्रणं गेल्यात." गणपतरावसुद्धा बोलला, म्हणजे बघा. म्हणाला, "जरा दमानं घे." अनुजाच्या आईचा कोडोलीहून फोन आला, तो चार घरांत ऐकू गेला असेल. "आमची पोरगी काय वाऱ्यावर पडलीया? तिला नगं वाटतंय तर जबरदस्ती कशाची?" बनाबाईनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं आणि कारण कुणालाच दिलं नाही. गल्लीत बायका कुजबुजल्या, सासूपण अंगात आलं म्हणाल्या.

अनुजा मात्र एक शब्द बोलली नाही. जेवली, कामावर गेली, आली, दार लोटून घेतलं. आणि रात्रंदिवस ज्याची बनाबाईला धास्ती, ते खोकणं शेजारच्या घरातून, भिंतीपलीकडून येतच होतं. दुकानात गिऱ्हाइकाचे हात धरताना तिचं लक्ष नव्हतं. दिवसभरात तिच्या हातून तीन बांगड्या वाढल्या.

शुक्रवारी तिनं दुकान बंद ठेवलं आणि अनुजाच्या खोलीत गेली. अनुजाही रजा टाकून घरीच होती. खाटेवर बसून पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होती.

"पोरी, मी ओरडले ते चुकलंच," बनाबाई म्हणाली. "पर ती सुई घे. पाया पडते तुझ्या."

हे 'पाया पडते' ऐकून अनुजाचा इतक्या दिवसांचा बांध फुटला.

"तुम्हाला काय सांगायचं, आई? पहिल्या वेळी पण मी सुई घेतली होती. धनुर्वाताची. तुम्हीच घेऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी माझं सगळं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही. नसेल. पण मला सुई दिसली की ती सकाळच दिसते. बाथरूमची फरशी दिसते. कार्यक्रम, दंड, ताप, हे मी आपलं तोंडाला येईल ते सांगितलं. मला भीती वाटते. हे पण गेलं तर?"

बनाबाई तिच्याशेजारी खाटेवर बसली. आपल्यालाच एक मेलेली बाई दिसते, असं ती धरून चालली होती. हिलाही कुणी दिसत होतं. नाव न ठेवलेलं, चेहरा नसलेलं. एका छपराखाली दोघी आपापलं भूत सांभाळत होत्या आणि भांडत होत्या डोहाळजेवणावरून.

मग तिनं सांगितलं. हौसाक्कानं काय विचारलं, आपण काय बोललो, बांगड्या कशा सरसर चढल्या, आणि आठवड्यानं त्याच हाताची बोटं कशी सोडवली. ती बोलताना एकदाही ओरडली नाही. अनुजानं तिला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"म्या सांगितलं नसतं तर तिनं घेतली आसती," बनाबाई म्हणाली. "मग वाचली आसती का, ते देवाला ठावं. पर मला ते कळायला मार्ग न्हाय, आणि माझ्या डोक्यातनं ते जाईत न्हाय."

तुमची चूक नव्हती, असं काही अनुजा म्हणाली नाही. तिनं विचारलं, "आणि सुई घेतली आणि मला काही झालं, तर मी कुणाला बोल लावू? तुम्हाला?"

"व्हय," बनाबाई लगेच म्हणाली. "मलाच. जल्मभर लाव. एकीचं वागवते, तुझं बी वागवीन. पर सुई न्हाय घेतली आणि तुला काय झालं, तर पोरी, तुझ्या हातात चुडा भरायला मला बोलावतील. त्ये माझ्यानं व्हायचं न्हाय."

अनुजानं डोळे पुसले. "मला आधी डॉक्टरांना विचारायचंय," ती म्हणाली. "पहिल्या वेळचं. नीट. तेव्हा मी विचारलंच नव्हतं, नुसतं ऐकून घेतलं होतं."

त्याच दुपारी दोघी रिक्षानं दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई चांगली होती, घाई केली नाही. अनुजानं विचारलेलं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, चौथ्या महिन्यापर्यंत अशी बाळं जातात, बरेचदा कारण सापडत नाही, आणि मग आदल्या दिवसांत जे घडलं असेल त्यावर माणसाचा संशय जातो. ती सुई घेतली नसती तरी ते घडलंच असतं. ही फ्लूची लस मेलेल्या विषाणूची, तिनं फ्लू होत नाही आणि बाळाला इजाही होत नाही. गरोदरपणात कोणत्याही महिन्यात चालते. "लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण झाला तरी जिवावर बेतायची भीती पुष्कळ कमी होते. गरोदर बाईला हा ताप फार जड जातो. शिवाय बाळ जन्मलं की पहिले सहा महिने त्याला स्वतःला ही लस देता येत नाही. त्याला जे संरक्षण मिळायचं ते तुमच्याकडूनच."

अनुजानं पोटावर हात ठेवला. मग स्वतःच बाही वर केली.

नर्सनं कापूस फिरवला. बनाबाईनं डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा नर्स सुई टाकून देत होती.

"झालं?" बनाबाईनं विचारलं.

"झालं की, मावशी. तुम्ही काय तलवार समजला होतासा?"

दुसऱ्या दिवशीही बनाबाईनं दुकान उघडलं नाही. शनिवारी सकाळी अनुजाचं अंग जरा कोमट लागलं, दंड दुखतो म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली तापाची गोळी घेतली आणि पडून राहिली. गोळी सोपी होती. ते तास सोपे नव्हते. अनुजा बाथरूमला उठली की बनाबाई दाराबाहेर उभी. दोघी काही बोलायच्या नाहीत, पण दोघींनाही कशाची भीती आहे हे दोघींनाही ठाऊक होतं. बनाबाई अंबाबाईला काय काय बोलली, ते अंबाबाईच जाणे. दुपारी ताप उतरला. संध्याकाळी अनुजानं थालीपीठ मागितलं आणि दोन खाल्ली.

रविवारी डोहाळजेवण झालं. फुलंवाला आला, कोडोलीची माणसं आली, विहीणबाई आल्या त्या जरा फुगूनच आल्या, पण जेवल्या पोटभर. हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत अनुजा पाटावर बसली. फोटोवाला पुढं-मागं नाचत होता. बनाबाई पेटी उघडून समोर बसली.

हात धरला. नेहमीसारखी गप्प झाली. हात ना गरम, ना गार. तिनं अगदी जपून, बिचकत बिचकत पहिली बांगडी चढवली. मग दुसरी. हात ओढताना तिनं वाकून हळूच विचारलं, "दंड दुखतोय का गं?"

अनुजा बायकांच्या थट्टेला हसत होती. तिनं सासूकडं वळून बघितलं. "कुठला दंड?" म्हणाली. मग आठवून, एकदा या दंडाकडं, एकदा त्या दंडाकडं बघत म्हणाली, "अहो आई, कुठल्या हातात घेतली होती, तेच ध्यानात नाही राहिलं बघा."

बनाबाईचे हात थांबले. एवढंच होतं. दोन दिवसांत कुठल्या हाताचं ते विसरायला होतं, एवढंच ते दुखणं होतं. एवढ्यासाठी तिनं त्या वेळी संयोगिताला थांब म्हटलं होतं.

"भरा की, कासारीणबाई," मागून विहीणबाई म्हणाल्या. "का, सुनेला चुडा भरताना हात कापाय लागला?"

सगळ्या बायका हसल्या. अनुजा हसली नाही. तिनं आपला हात सासूच्या हातातून काढून घेतला नाही, उलट घट्ट धरला. बनाबाईच्या डोळ्यांतून पाणी गालावरून खाली येत होतं आणि तिला ते पुसताही येत नव्हतं, कारण दोन्ही हात गुंतले होते. बायका म्हणाल्या, सासूला आनंद मावेना झालाय. फोटोवाल्यानं फोटो काढला.